मुंबई हायमध्ये तेल आहे, मग उत्पादन का घटतंय? देवळीच्या विहिरींवरून समजून घ्या

वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात कुठल्याही गावच्या पारावर विहिरीचा विषय काढून बघा. एकाच्या विहिरीवर मार्चमध्येही मोटर चालते, तर धुऱ्यापलीकडच्या विहिरीचा तळ त्याआधीच दिसायला लागतो. पाऊस सारखाच पडला, खोलीही जवळपास सारखीच. मग फरक कशाचा? फरक खाली लागलेल्या दगडाचा.

हाच दगडाचा प्रश्न देशातल्या सर्वांत मोठ्या तेलक्षेत्रासमोर आहे. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर, अरबी समुद्रातल्या मुंबई हायसमोर. जानेवारी 2025 मध्ये ओएनजीसीने या क्षेत्राचं उत्पादन वाढवण्यासाठी ब्रिटनच्या बीपी कंपनीची 10 वर्षांसाठी तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड केली. लगेच '60 टक्के उत्पादन वाढणार' अशा पोस्ट फिरायला लागल्या. पण या 60 टक्क्यांचा खरा अर्थ काय? तो कळायला आधी दगड समजून घ्यावा लागेल.

देवळीच्या खाली काय आहे?

देवळीच्या काळ्या मातीखाली बेसाल्ट आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि हा खडक तयार झाला. काही थर जाळीदार आणि भेगाळलेले, तर काही एकदम गच्च. विहीर खोदताना मुरूम किंवा भेगांचा थर लागला तर झरे फुटतात. काळा पाषाण लागला तर खर्च होतो, पाणी मिळत नाही.

लाव्हाच्या दगडात तेल मात्र तयार होत नाही. तेलाचा जन्म गाळाच्या खडकात होतो. समुद्राच्या तळाशी चिखल साचतो, त्यात सूक्ष्म जीवांचे अवशेष गाडले जातात. लाखो वर्षांचा दाब आणि उष्णता यांमुळे त्यांचं तेल बनतं. मग ते वर सरकतं आणि एखाद्या सच्छिद्र खडकात अडकून बसतं. म्हणून तेलासाठी देवळी सोडून समुद्रात जावं लागतं. पण विहिरीचा धडा तिथेही लागू पडतो.

जमिनीखाली तेलाचा तलाव असतो का?

नाही. हा सगळ्यांत मोठा गैरसमज आहे. तेल दगडाच्या बारीक छिद्रांमध्ये असतं. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली सच्छिद्रता, म्हणजे दगडात किती छिद्रं आहेत. दुसरी पारगम्यता, म्हणजे ती छिद्रं एकमेकांना जोडलेली आहेत का. थर्माकोल आणि स्पंज दोन्ही पोकळच. पण स्पंजातून पाणी आरपार जातं, थर्माकोलमधून जात नाही. तेल निघायला स्पंजासारखा दगड हवा.

वाळूचे कण घट्ट होऊन बनलेला वालुकाश्म अनेकदा असा असतो. राजस्थानात बाडमेरजवळ 2004 मध्ये सापडलेलं मंगला तेलक्षेत्र अशाच वालुकाश्मात आहे. तिथे तेलच मेणासारखं घट्ट होणारं, म्हणून गरम पाणी आत सोडावं लागतं. मुंबई हायची अडचण वेगळी आहे. तिथे दगडच सरळ नाही.

मुंबई हायचा दगड कसा आहे?

फेब्रुवारी 1974 मध्ये 'सागर सम्राट' या ड्रिलिंग रिगने इथे तेल शोधलं आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. इथलं बहुतेक तेल 'एल-3' नावाच्या चुनखडीच्या थरांत आहे. काही भागांत या थरांच्या बऱ्याच खाली दख्खनचा बेसाल्टही सापडतो, म्हणजे देवळीच्या दगडाचाच भाऊबंद.

चुनखडी शिंपले आणि सागरी जीवांच्या कवचांपासून बनते. समुद्राची पातळी खाली गेली की ती उघडी पडते, पावसाच्या पाण्यात थोडी थोडी विरघळते आणि तिच्यात पोकळ्या तयार होतात. पण हे सगळीकडे सारखं घडत नाही. त्यामुळे एक थर चाळणीसारखा, तर त्याला चिकटलेला दुसरा घट्ट. मध्ये मध्ये शेलचे, म्हणजे दडपलेल्या चिकणमातीचे पातळ पदर. त्यातून तेल सहजी जात नाही. क्षेत्राचा उत्तर आणि दक्षिण भागही शेलने भरलेल्या एका जुन्या प्रवाहमार्गाने वेगळा झाला आहे. नकाशावर एक दिसणारं क्षेत्र आत अनेक कप्प्यांचं आहे.

यामुळे तेल मागे कसं राहतं?

सुरुवातीला आतल्या दाबामुळे तेल आपोआप वर येतं. दाब कमी झाला की पाणी आत सोडून तेल ढकललं जातं. मुंबई हायमध्ये हे 1980 च्या दशकापासून सुरू आहे.

आता ओलित करताना काय होतं ते आठवा. पाटात घुशीचं बीळ असेल तर पाणी तिथूनच निघून जातं आणि शेवटचे वाफे कोरडे राहतात. तेलक्षेत्रातही पाणी सोपी वाट धरतं. चाळणीसारख्या थरातून ते धावत तेलविहिरीपर्यंत पोहोचतं आणि विहिरीतून तेलापेक्षा पाणीच जास्त यायला लागतं. शेजारच्या घट्ट थरातलं तेल तिथेच राहतं. जगभरात सरासरी साधारण एक तृतीयांश तेलच बाहेर काढता येतं, त्यामागचं हे एक मोठं कारण आहे.

मुंबई हायचं उत्पादन 1985 मध्ये दिवसाला सुमारे 4 लाख 71 हजार बॅरलवर गेलं होतं. एप्रिल 2024 मध्ये ते सुमारे 1 लाख 34 हजार बॅरल होतं. मधल्या काळात आडव्या विहिरी खोदल्या, राहिलेल्या कप्प्यांमध्ये नव्या विहिरी उतरवल्या. त्यामुळे घसरण मंदावली, पण थांबली नाही.

मग 60 टक्के वाढ म्हणजे नक्की काय?

हा आकडा तेल आणि वायू मिळून आहे आणि 'पर्यंत' हा शब्द त्यात महत्त्वाचा आहे. नुसत्या तेलाची अपेक्षित वाढ 44 टक्के आहे. तीही आजच्या उत्पादनावर नाही. काहीच वेगळं केलं नाही तर पुढच्या 10 वर्षांत जेवढं तेल निघेल, त्या अंदाजावर ती मोजली आहे. तो अंदाज 4 कोटी 54 लाख टनांचा आहे. बीपीच्या मदतीने तो 6 कोटी 54 लाख टनांवर जाईल, असं सांगण्यात आलं आहे.

आता साधा हिशेब करू. एका टनात साधारण साडेसात बॅरल धरले, तर पहिला आकडा दिवसाला सरासरी 93 हजार बॅरलच्या आसपास येतो आणि दुसरा 1 लाख 34 हजारांच्या. म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे झालं, तर 10 वर्षांची सरासरी जवळपास एप्रिल 2024 च्याच पातळीवर राहील. ही झेप नाही, घसरणीला लावलेला ब्रेक आहे. जुन्या क्षेत्रासाठी ही गोष्ट छोटी नाही, पण 1985 चे दिवस परत येणार असं समजू नका.

बीपीला पहिली दोन वर्षं ठरलेली फी मिळेल आणि नंतर वाढीव उत्पादनाच्या कमाईतला वाटा. त्यामुळे मूळ अंदाज किती धरला, याला पैशाच्या हिशेबातही महत्त्व आहे.

देवळीच्या पंपावर पेट्रोल स्वस्त होईल का?

यामुळे तरी नाही. भारत गरजेच्या 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो. पंपावरचा दर आंतरराष्ट्रीय बाजार, रुपयाचा भाव आणि कर यांवर ठरतो. मुंबई हायचं उत्पादन टिकलं तर आयात आणखी वाढण्याला थोडा आळा बसेल, फायदा तेवढाच.

म्हणून पुढच्या वेळी 'उत्पादन इतके टक्के वाढणार' अशी पोस्ट दिसली, तर फॉरवर्ड करण्याआधी दोन प्रश्न विचारा. ही वाढ कशाच्या तुलनेत आहे? आणि खालचा दगड कसा आहे? दुसरा प्रश्न तर देवळीतला शेतकरी विहीर खोदण्याआधी विचारतोच.