उलगुलान ते वनहक्क : कायद्याला हवी गावपातळीवरील आधाराची जोड

आदिवासींच्या जमिनीचे संरक्षण करणारा छोटा नागपूर कुळकायदा १९०८ मध्ये अस्तित्वात आला. बिरसा मुंडा यांच्या नेतृत्वाखाली १८९९-१९०० मध्ये झालेल्या ‘उलगुलान’ या महाउठावाची ही सर्वांत ठोस फलश्रुती मानली जाते. मात्र संघर्षातून मिळालेला कायदा सामान्य माणसाला वापरता येतो काय, हा प्रश्न शतकानंतरही कायम आहे.

मुंडा समाजात जंगल साफ करून गाव वसविणाऱ्या कुळांची जमिनीवर सामाईक मालकी असे. ही ‘खुंटकट्टी’ पद्धत ब्रिटिश अमलात जमीनदार आणि सावकारांमुळे मोडकळीस आली. लेखी दस्तऐवज नसल्याने आदिवासींची बाजू न्यायालयात टिकत नसे. पूर्वजांच्या दफनशिळा हाच आपला पट्टा, अशी मुंडांची धारणा होती. सरकारी दप्तराला ती मान्य नव्हती. ९ जानेवारी १९०० रोजी डोंबारी टेकडीवर जमलेल्या मुंडांवर गोळीबार झाला. बिरसा यांचे ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात निधन झाले. त्यानंतर आलेल्या कायद्याने मुंडारी खुंटकट्टीला मान्यता दिली आणि जमीन हस्तांतरणावर निर्बंध घातले.

या कायद्याशी असलेले नाते केवळ भावनिक नाही. २०१६ मध्ये झारखंड विधानसभेने त्यात दुरुस्त्या करणारे विधेयक मंजूर केले, तेव्हा राज्यभर तीव्र विरोध झाला. तत्कालीन राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनी विधेयक परत पाठविले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने ते मागे घेतले.

वनजमिनीबाबत २००६ च्या वनहक्क कायद्याने पुढचे पाऊल टाकले. वननिवासींवर झालेला ऐतिहासिक अन्याय या कायद्याच्या प्रास्ताविकातच मान्य करण्यात आला आहे. दाव्यांची प्रक्रिया ग्रामसभेपासून सुरू होते. विशेष म्हणजे, गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले निवेदनही पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाते. एकेकाळी दप्तराने नाकारलेल्या स्मृतीला अशा प्रकारे कायद्यात स्थान मिळाले.

तरीही अंमलबजावणीतील उणिवा गंभीर आहेत. दावे फेटाळले गेलेल्यांना वनजमिनीवरून हटविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दिला. २८ फेब्रुवारी रोजी त्याला स्थगिती मिळाली आणि दावे कोणत्या पद्धतीने फेटाळले, याचा तपशील राज्यांकडून मागविण्यात आला. ग्रामसभेच्या निर्णयाविरुद्ध उपविभागीय समितीकडे दाद मागण्यासाठी ६० दिवसांची मुदत असते. परंतु निर्णयच लेखी कळविला गेला नाही, तर दाद मागणार कशी?

स्थानिक आधाराचे महत्त्व येथेच स्पष्ट होते. नकाशा काढणे, वृद्धांचे निवेदन लिहून घेणे, अर्जाची पोच सांभाळणे आणि अपिलाचा मसुदा तयार करणे ही कामे वरवर किरकोळ दिसतात. दाव्याचे यश मात्र त्यांवरच अवलंबून असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. हे साहाय्य तालुक्याच्या न्यायालयापुरते न राहता मुंडारी, संथाळी किंवा हो भाषेत गावापर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.

२०२१ पासून १५ नोव्हेंबर हा बिरसा यांचा जन्मदिन ‘जनजातीय गौरव दिवस’ म्हणून साजरा होतो. या गौरवाला अर्थ प्राप्त व्हायचा असेल, तर फेटाळलेल्या प्रत्येक दाव्याचे कारण दावेदाराला त्याच्या भाषेत आणि वेळेत समजले पाहिजे.