वाटीतली चिल्लर आणि मुलांचा छंद

एका वाचक भगिनीने पत्रातून मोठा गमतीचा प्रश्न विचारला आहे. दहा-वीसच्या नोटा बंद करून सरकारने सगळीकडे नाणीच आणली, तर मुलांमध्ये नाणी जमवण्याचा छंद वाढेल का? त्यांचा मुलगा सहावीत आहे, शाळेतून आला की मोबाईल घेऊन बसतो, म्हणून त्यांना ही आशा. प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही, बरं का! हा प्रयोग आपल्या देशात एकदा होऊन गेला आहे आणि आपल्यापैकी पुष्कळजणींनी तो स्वतःच्या पर्समध्ये पाहिला आहे.

एक रुपयाच्या नोटेची छपाई १९९४ साली थांबली. पुढच्याच वर्षी दोन आणि पाचच्या नोटांची थांबली. (एकची नोट २०१५ साली पुन्हा काढली, पाचचीही मध्ये पुन्हा छापली, पण बाजारात चलती राहिली ती नाण्यांचीच.) कारण अगदी घरगुती होतं. लहान नोट सारखी फिरते. भाजीवालीच्या ओल्या हातात जाते, कनवटीला लागते, मुलांच्या खिशातून धुण्यात जाते आणि बघता बघता तिचं पोतेरं होतं. नाणं वर्षानुवर्षं टिकतं. छंदाबिंदाचा विचार त्यात कुणी केलेला नव्हता.

मग घरोघरी नाणी जमवणारे तयार झाले का? माझ्या पाहण्यात तरी नाही. नाणी फ्रिजवरच्या वाटीत पडू लागली आणि लोकांनी जपल्या त्या नोटा! एकच्या कोऱ्या नोटा कपाटात, पोथीत, लग्नाच्या अल्बममध्ये जाऊन बसल्या. रोज हातात येणाऱ्या वस्तूकडे आपण कुठे निरखून पाहतो? चार आण्यांचंही तेच झालं. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. तोवर रस्त्यात पडलेले चार आणे कुणी वाकून उचलत नव्हतं. पण सव्वा रुपयाची दक्षिणा ठेवायची म्हणजे चार आणे हवेतच, म्हणून कितीतरीजणींच्या पूजेच्या डबीत ते आजही जपून ठेवलेले सापडतील.

दहाच्या नाण्याची गोष्ट तर याहून बोलकी. निरनिराळ्या प्रसंगांच्या निमित्ताने त्याच्या चौदा तऱ्हा निघाल्या. जमवणाऱ्याला मेजवानीच ना? प्रत्यक्षात काय झालं, तर याच्यावर रुपयाचं चिन्ह नाही म्हणून हे खोटं, त्याच्यावर रेघा जास्त म्हणून ते खोटं, अशी आवई उठली. दुकानदार घेईनात, रिक्षावाले घेईनात. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की बायांनो-बाबांनो, चौदाच्या चौदा खरी आहेत, निर्धास्त घ्या. तेव्हा नुसती नोट जाऊन नाणं आल्याने, किंवा नुसती विविधता आल्यानेही, छंद लागत नाही.

उलट अमेरिकेत पाहा. तिथे डॉलरची कागदी नोट कधी गेलीच नाही. डॉलरची नाणी १९७९, २००० आणि २००७ साली काढून पाहिली, लोकांनी ती फारशी वापरलीच नाहीत. पण १९९९ ते २००८ या काळात पाव डॉलरच्या नाण्यावर एकेका राज्याचं चित्र काढलं. वर्षाला पाच, अशी पन्नास राज्यं, तीही देशात सामील झाली त्या क्रमाने. आणि काय, मुलं आणि आजोबा दोघंही सुटे पैसे उलटेपालटे करून बघू लागले! ज्यांची बहीण किंवा नणंद तिकडे आहे, त्यांच्या घरी पुठ्ठ्याच्या नकाशात बसवलेली ती नाणी असतीलही. तिथे कुठलीही नोट बंद करावी लागली नाही. आता पुढचं कुठलं येणार, ही उत्सुकता पुरेशी झाली.

तशी उत्सुकता आपल्या चिल्लरीतही आहे, पण ती कुणी दाखवून द्यावी लागते. रविवारी दुपारी ती वाटी वर्तमानपत्रावर पालथी करा आणि मुलाला भिंग द्या. नाण्यावरच्या सालाखाली बारीक खूण असते. शंकरपाळ्यासारखी असली तर ते मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असली तर हैदराबादचं, ठिपका असला तर नोएडाचं, आणि काहीच नसलं तर कोलकात्याचं. एका वहीत आडवी सालं आणि उभी चार गावं अशा चौकटी आखून द्या. मग बघा, रिकामी चौकट त्याला चैन पडू देणार नाही. रुपयाचीच नाणी घेतली तरी २००७ नंतरचं नृत्यमुद्रेचा अंगठा असलेलं, २०११ नंतरचं रुपयाच्या चिन्हाचं, असे प्रकार आपोआप लक्षात येतात. खर्च म्हणाल तर नाण्यावर लिहिलाय तेवढाच, आणि कंटाळा आला तर तीच नाणी देऊन कोथिंबीर आणता येते!

अडचण एकच आहे. हल्ली भाजीवालीसुद्धा मोबाईलवर पैसे घेते, मग वाटी भरणार कशी? सरकारने उद्या पन्नासचं नाणं काढलं तरी ते हातात आलंच नाही तर काय उपयोग? आठवड्यातून एकदा तरी भाजी रोखीने घ्या आणि पिशवी मुलाच्या हातात द्या. हिशेबही पक्का होईल.

सासूबाईंच्या किंवा आजेसासूबाईंच्या पेटीत एखादी शिवराई, १९४३ ते ४७ मधला भोकाचा पैसा असं काही निघालं, तर कृपा करून चिंच, राख किंवा भांड्यांची पावडर लावून घासू नका. आपल्याला वाटतं लखलखीत झालं, पण जाणकाराच्या दृष्टीने त्याची किंमत तिथेच उतरली. नाणं कडेने धरावं, कोरड्या कागदी पाकिटात एकेकटं ठेवावं. मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांत ती पुढे चिकट आणि हिरवी होतात, विशेषतः पावसाळ्यात.

आणि आता जरा कडक शब्दांत. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या २०१२ च्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, अशा जाहिराती आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर येतात. आधी नोंदणीचे, मग कराचे, मग कमिशनचे पैसे मागतात, आणि घरात साठवलेले चार पैसे घालवून बसतो आपण. नवऱ्याला सांगायची चोरी, म्हणून तक्रारही होत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात ती पडत नाही, कसलीही फी घेत नाही आणि तिच्या नावाने घेण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. विकत घेणारा आधी आपल्याकडे पैसे मागतो, हेच मुळी उलटं नाही का?

मुलाला गोडी लागलीच, तर सुट्टीत मुंबईला फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय दाखवा. नाशिककडच्या मैत्रिणींना अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था जवळ पडेल, त्र्यंबकेश्वराच्या वाटेवरच आहे. निघण्यापूर्वी वेळ मात्र फोन करून विचारून घ्या.