अभिप्रायाचे मोल

सार्वजनिक ग्रंथालयातून आणलेल्या जुन्या कादंबरीचे शेवटचे कोरे पान ज्यांनी कधी न्याहाळले असेल, त्यांना तेथील पेन्सिलीची अक्षरे आठवतील. कुणी ‘उत्तम’ असे लिहून खाली बारीक सही केलेली असे. त्याखाली दुसऱ्या हाताने ‘शेवट पटला नाही’. आणि त्याच्याही खाली तिसऱ्याने, काहीशा रागाने, ‘पुस्तके खराब करू नका’. ग्रंथपाल रबर घेऊन बसत, पण ही अक्षरे पुन्हा उगवत. नियमाच्या दृष्टीने तो अपराधच होता. परंतु पुढील वाचक पुस्तकाची नोंद करण्यापूर्वी ते पान हळूच उलटून पाहत असे, हेही तितकेच खरे. प्रकाशकाने मलपृष्ठावर छापलेल्या स्तुतीपेक्षा त्या अनोळखी पेन्सिलीवर त्याचा अधिक विश्वास असे, कारण पेन्सिल हाती धरणाऱ्याला त्या शब्दांपासून काहीच मिळायचे नव्हते.

मुंबईच्या उपनगरांत वाचनाची ही सवय ग्रंथालयांनी जोपासली. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९८ ची, आणि पुढे शहरभर त्याच्या शाखा झाल्या. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून उभा आहे. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघाचे ग्रंथालय आहे. याखेरीज अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावर, शिंप्याच्या आणि किराणा दुकानाच्या मधल्या गाळ्यात, खासगी वाचनालये चालत. अनामत भरावी, महिन्याची वर्गणी द्यावी, पुस्तक उशिरा परत केल्यास दंड भरावा, असा साधा व्यवहार होता. गाळ्यात बसणारा मालक बहुधा स्वतः पट्टीचा वाचक असे. ‘हे न्या, हे नको, हे तुमच्या आईंना आवडेल’ असे तो गिऱ्हाईक ओळखून सांगे. शिफारस चुकली तर दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक दारात तक्रार घेऊन उभे असे. त्यामुळे तो जपून बोले. समीक्षेचा याहून परिणामकारक अंकुश क्वचितच पाहावयास मिळेल.

छापील जगात हेच काम नियतकालिकांनी केले. गिरगावातील मॅजेस्टिकचे केशवराव कोठावळे यांनी जानेवारी १९६४ मध्ये ‘ललित’ हे मासिक सुरू केले. ते कथा-कविता छापण्यासाठी नव्हते. ग्रंथ आणि ग्रंथकार हाच त्याचा विषय होता. कोणते पुस्तक निघाले, कोणते निघणार, वाचकाला काय वाटले, हे महिन्याच्या महिन्याला घरी येऊ लागले. त्यातच जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने सदर लिहीत आणि वसंत सरवटे त्यासाठी चित्रे काढीत. भल्याभल्या लेखकांच्या पगड्या त्या सदरात उडाल्या. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मासिक चालविणारा स्वतः पुस्तकविक्रेता आणि प्रकाशक होता. ज्यांची पुस्तके आपल्या दुकानात विकायची, त्यांचीच थट्टा आपल्या मासिकात छापायची, हा व्यवहार वरवर पाहता तोट्याचा वाटतो. प्रत्यक्षात लोकांनी त्या मासिकावर विश्वास ठेवला तो यामुळेच, आणि विश्वास असल्यामुळे ते वाचून लोक पुस्तक विकत घ्यावयास दुकानात आले. व्यापारी कुटुंबांना हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही.

सत्तरच्या दशकाच्या मध्यास दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ मुंबईतच उभी केली. वाचकांनी आगाऊ वर्गणी भरावी आणि पुस्तके सवलतीत घ्यावीत, ही तिची मूळ कल्पना. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये याच मार्गाने आले. ती कादंबरी नव्हे, आत्मकथन; परंतु ज्या घरांत असे पुस्तक एरवी कधी शिरले नसते त्या घरांतही ते गेले, आणि पु. ल. देशपांडे यांच्यासारख्यांनी त्यावर आपुलकीने लिहिले. वाचकांनी एकमेकांना सांगितल्याने काय घडू शकते, याचा तो नमुना होता.

आता ते शेवटचे कोरे पान हातातल्या फोनवर आले आहे. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील कितीतरी तरुण वाचक कादंबरी वाचून संपली की खिडकीत पुस्तक ठेवून त्याचे छायाचित्र घेतात आणि त्याखाली चार-पाच परिच्छेद लिहितात. बरेचसे लिखाण इंग्रजी पुस्तकांवर असते. मराठी कादंबऱ्यांवर लिहिणारेही हळूहळू वाढत आहेत. काही ज्येष्ठांना हा पोरखेळ वाटतो. तसे वाटण्यास थोडे कारणही आहे, कारण पुष्कळदा छायाचित्रातील चहाच्या कपाला जेवढी मेहनत मिळते तेवढी कथानकाच्या विचाराला मिळत नाही. तरीही या मंडळींना हसण्यावारी नेणे चुकीचे ठरेल. मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती आजही बहुधा हजार प्रतींच्या आसपास असते. हजारांत पन्नास प्रती एका मुलीच्या चार परिच्छेदांमुळे विकल्या गेल्या, तर आवृत्तीचा विसावा भाग खपला. लहान प्रकाशकासाठी ही रक्कम किरकोळ नाही.

म्हणूनच प्रकाशक आणि लेखक अशा वाचकांकडे पुस्तके भेट पाठवू लागले, आणि खरा प्रश्न तेथून सुरू झाला.

घाटकोपरच्या एका कुटुंबात, जेथे स्टीलच्या भांड्यांचा घाऊक व्यापार आहे, तेथील वाणिज्य शाखेत शिकणारी मुलगी गेली तीन वर्षे असे लिहीत आहे. पुस्तकांची पाकिटे दुकानाच्या पत्त्यावर येतात, कारण दिवसा घरी सही करून घेण्यास आजीखेरीज कोणी नसते आणि आजी अनोळखी माणसाला दार उघडत नाहीत. गतवर्षी एका नव्या लेखकाची पहिलीच कादंबरी आली. आत हाताने लिहिलेली नम्र चिठ्ठी होती. मुलीने दोन रात्रींत कादंबरी संपविली. पूर्वार्ध तिला मनापासून आवडला. उत्तरार्धात लेखकाने घाई केली असे वाटले. तिने तसेच लिहिले, आणि पुस्तक भेट आले होते हेही लिहिले. दुसऱ्या दिवशी लेखकाचा फोन आला. आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होते. तीन वर्षे खपून लिहिलेले पुस्तक, स्वखर्चाने पाठविलेली प्रत, आणि त्यावर हे? निदान तेवढा परिच्छेद काढता येईल का?

मुलीने तो काढला. मग रात्रभर तिला झोप लागली नाही.

सकाळी वडिलांनी कारण विचारले, तेव्हा तिने सांगितले. वडील कादंबऱ्या वाचत नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “आपण कारखान्यातून डब्यांचा नमुना मागवतो, त्याचे पैसे देतो का?”

“नाही, बाबा.”

“मग नमुना फुकट आला म्हणून माल चांगला आहे असे आपण दुकानदारांना सांगतो का? झाकण सैल असले तर कारखान्याला कळवतोच ना? नमुना देतात तो खोड काढण्यासाठीच.”

मुलीने परिच्छेद पुन्हा घातला आणि लेखकाला स्वतः फोन करून तसे कळविले. त्यानंतर त्या प्रकाशकाची पाकिटे येणे बंद झाले.

या बाबतीत कायदाही आता मौन बाळगून नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्या व्यक्तीलाही पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार, रोख मोबदलाच नव्हे, तर फुकट मिळालेली वस्तू, सवलत किंवा सहलही हितसंबंधात मोडते आणि शिफारस करताना ती स्पष्ट शब्दांत सांगावी लागते. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी भारतीय मानक, आय. एस. १९०००, जाहीर झाले. ते मात्र ऐच्छिक आहे. हे नियम मुख्यतः सौंदर्यप्रसाधने आणि गुंतवणुकीचे सल्ले डोळ्यांपुढे ठेवून वाचले जातात. अडीचशे रुपयांच्या कादंबरीसाठी कोणी कार्यवाही करील असे नाही. पण भेट आलेले पुस्तक ‘भेट’ म्हणून सांगण्यास खर्च तरी कोणता येतो? तीन शब्द अधिक लिहावे लागतात, इतकेच.

लेखकाची बाजूही हलकी नाही. वर्तमानपत्रांतून पुस्तक-परीक्षणांची जागा आक्रसत गेली, पुस्तकांची दुकाने घटली. नव्या कादंबरीकाराला वाचकांपर्यंत जाण्याचे जे मोजके रस्ते उरले, त्यांपैकी हा एक. त्यावरही कोणी प्रतिकूल लिहिले तर त्याला घाव लागतो. मात्र चार जण ‘अप्रतिम’ म्हणून लिहितात आणि पाचवीही ‘अप्रतिम’ म्हणते, तेव्हा त्या शब्दाची किंमत चारांसाठीही उतरते, हे त्याच्या लक्षात येण्यास वेळ लागतो. त्या लेखकाच्या बाबतीत पुढे निराळेच घडले. ‘उत्तरार्धात घाई’ हे वाचून नेमके काय झाले ते पाहावे, या कुतूहलाने काही जणांनी ती कादंबरी मागविली, आणि दोघा-तिघांनी मुलीला कळविले की त्यांना उत्तरार्धच अधिक आवडला. हा वाद तेथे महिनाभर चालला. लेखकाने त्यात भाग घेतला नाही. वाचत मात्र असावा.

मुलीने आता एक वही घातली आहे. तारीख, पुस्तक, लेखक, आणि तीन रकाने : विकत, ग्रंथालय, भेट. दिवाळीत दुकानाच्या वह्यांबरोबर वडिलांनी तिचीही वही पाहावयास मागितली. विकत अकरा, ग्रंथालयातून तेवीस, भेट चार. वडिलांनी बेरीज तपासली, अडतीस बरोबर असल्याची खूण केली आणि ‘विकत’च्या रकान्याकडे बोट दाखवून, हे पैसे कोणाच्या खात्यातून गेले, असे विचारले. उत्तर त्यांना ठाऊक होते.

आजींना त्या हिशेबाशी कर्तव्य नाही. त्या भेट आलेल्या चारांपैकी तीच कादंबरी घेऊन बसल्या आहेत आणि उत्तरार्धापर्यंत पोहोचल्या आहेत. कोणी काही विचारले तर, आधी संपू द्या, म्हणतात.