तुरुंगाच्या दारापासून औषधाच्या खिडकीपर्यंत

शिक्षा भोगून किंवा जामिनावर सुटून घरी परतणाऱ्या मुलाची वाट पाहणारे आईवडील अनेकदा साठी-सत्तरी ओलांडलेले असतात. त्या मुलाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर विकार असेल, तर चिंता दुहेरी होते. कारागृहात असेपर्यंत त्याच्या उपचारांची जबाबदारी शासनाची असते. सुटकेनंतर ती आपल्यावर येते.

विम्याविषयी आधी स्पष्ट सांगतो. सत्तरीनंतर मिळणारे आयुष्मान वय वंदना कार्ड आपल्या स्वतःच्या उपचारांसाठी आहे, मुलाच्या नव्हे. त्याच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. त्याआधी शिधापत्रिकेवर त्याचे नाव शाबूत आहे ना, हे पाहावे. मानसिक आजारातील कोणते उपचार योजनेत बसतात, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. खासगी विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. तरीही आधीपासूनच्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून आजार लपवू नये. पुढे दावा नाकारण्यास तेच कारण होते. शिवाय अशा योजनांचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर असतो, आणि या रुग्णाला तर दरमहा गोळ्या हव्या असतात.

माझ्या मते खरा आधार सरकारी रुग्णालयाच्या औषधखिडकीवर आहे. ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत मानसिक आजाराची आवश्यक यादीतील औषधे विनामूल्य मिळावीत, अशी याच कायद्यात तरतूद आहे. लोक काय म्हणतील या धास्तीने अनेक कुटुंबे तेथे जाणे टाळतात. आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्कही कायद्यानेच दिला आहे.

सुटका पुष्कळदा अचानक होते आणि चिठ्ठी आतच राहते. म्हणून तारखेची वाट न पाहता कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे उपचारांचा सारांश आणि औषधांची मात्रा लेखी मागावी. दाद लागत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

हा कागद किती मोलाचा, हे एका औषधावरून कळेल. क्लोझापिनमध्ये ४८ तासांहून अधिक खंड पडला, तर जुनी मात्रा एकदम सुरू करू नये. रक्तदाब घसरून रुग्ण कोसळू शकतो. डॉक्टर पुन्हा अगदी अल्प मात्रेपासून आरंभ करतात. लिथियम घेणाऱ्याची रक्ततपासणीही चुकवू नये.

झोप उडाली, संशय वाढला, जेवण सुटले, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. जिवाला धोका वाटल्यास थेट रुग्णालय गाठावे. आणि पहिल्या भेटीला जाताना उरलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या; कागद हाती नसला, तरी त्यांवरील नावे वाचून डॉक्टरांना उपचारांचा माग लागतो.