जुनें यंत्र, नवा खेळ

मुलांच्या हातीं खेळ आला कीं पुस्तक सुटलें, ही पालकांची तक्रार आजची नाहीं. पूर्वीं ती पतंगांविषयीं व गोट्यांविषयीं होती, पुढें सिनेमाविषयीं झाली, आणि आतां ती पडद्यावरील खेळांविषयीं आहे. तक्रारींत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. दुसऱ्यानें रचिलेल्या खेळांत जो मुलगा रोज तीन तीन तास घालवितो, त्याचा काळ दुसऱ्याच्याच खात्यांत जमा होतो. परंतु खेळ हिसकावून घ्यावा, हा एकच उपाय आम्हांस पटत नाहीं. आमच्या मतें याहून चांगला उपाय आहे. मुलांना खेळ रचावयास लावावें. आणि तेंहि आजच्या बलाढ्य यंत्रावर नव्हे, तर चाळीस वर्षांपूर्वींच्या एका लहानशा यंत्रावर.

हें यंत्र पुष्कळ पालकांच्या ओळखीचें आहे. निन्टेंडो या जपानी कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं तें 'फॅमिली कॉम्प्युटर' या नांवानें बाजारांत आणिलें. आपल्याकडे पुढील दशकांत त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या व नकला 'सामुराय', 'लिटल मास्टर' अशा नांवांनीं विकल्या गेल्या. टीव्हीला जोडावयाचा डबा, त्यांत खोचावयाची 'कॅसेट', आणि कॅसेटीवर छापलेला हजारों खेळांचा आंकडा! पुष्कळदां आंत मोजकेच खेळ असत, व तेच वेष बदलून पुनःपुन्हां येत. जपानांत या यंत्राचें उत्पादन २००३ सालीं थांबलें. आपल्याकडील डबे आतां माळ्यावर धूळ खात पडले असतील, किंवा भंगारांत गेले असतील.

तरीहि या यंत्रासाठीं नवे खेळ रचणारे लोक जगांत आहेत. दोघे-चौघे मित्र घरच्या घरीं एखादा लहान कारखाना चालवितात. त्यास हल्लीं 'स्टुडिओ' म्हणतात. जर्मनींतील 'मॉर्फकॅट गेम्स' या अशाच लहान मंडळीनें २०१९ सालीं 'मायक्रो मेजेस' नांवाचा खेळ तयार केला. चार जणांना एकदम खेळतां येणारा हा संपूर्ण खेळ, चित्रें, संगीत व सूचनांसह, ४० किलोबाइटांत बसतो. आपण मोबाइलवर जें एक छायाचित्र काढितों, त्यालाच याच्या कित्येक पट जागा लागते.

येथें कोणी विचारील कीं, यंत्रें इतकीं सुधारलीं असतां मागें जाण्यांत शहाणपण कोणतें? याचें उत्तर त्या यंत्राच्या दारिद्र्यांतच आहे. त्याची चालती स्मृति अवघी २ किलोबाइट. पडद्यावर आडवे २५६ व उभे २४० ठिपके. हलत्या आकृति एका वेळीं ६४, आणि एका आडव्या रेषेवर आठच. नववी आली तर ती दिसेनाशी होते. दौंडच्या एखाद्या मुलानें रुळांवरून धांवणाऱ्या मालगाडीचा खेळ योजिला, तर त्याच्या नवव्या आकृतीपासून डबे गुप्त होऊं लागतील! मग त्याला युक्ति काढावी लागेल: गाडीच पार्श्वचित्रांत काढून तें चित्र सरकवावें, किंवा डबे आळीपाळीनें दाखवावे. अडचण समोर उभी राहिल्यावांचून ही बुद्धि चालत नाहीं.

दुसरें उदाहरण रेल्वेच्याच भाषेंत सांगूं. हें यंत्र मूळ आवृत्तींत सेकंदाला सुमारें ६० चित्रें पडद्यावर काढितें. चित्र निघत असतां चित्राच्या स्मृतींत हात घालतां येत नाहीं. घातल्यास चित्र विसकटतें. एक चित्र संपून दुसरें सुरू होण्यापूर्वीं जो अवकाश मिळतो, तेवढ्यांतच सर्व फेरबदल उरकावे लागतात. यंत्राचें घड्याळ सेकंदाला सुमारें १७ लक्ष ९० हजार ठोके देतें. त्यांपैकीं या अवकाशांत सुमारें २,२७० ठोके येतात. गाड्या बंद ठेवून रूळ दुरुस्त करण्यास 'ब्लॉक' घेतात, तसाच हा ब्लॉक होय. वेळ संपली कीं हत्यारें बाहेर, काम झालें असो वा नसो. ज्या मुलाचे वडील रेल्वेंत आहेत त्याला ही शिस्त समजावून सांगावी लागणार नाहीं. आणि ज्या मुलाला कोणतीच शिस्त रुचत नाहीं, त्याला ती येथें रागावल्यावांचून शिकतां येईल. यंत्र छडी मारीत नाहीं, पण चूक पोटांतहि घालीत नाहीं.

मराठी मुलांच्या वांट्याला आणखी एक विशेष कोडें येतें, तें आपल्या लिपीचें. हें यंत्र चित्राचे चौकोनी तुकडे वापरतें. प्रत्येक तुकडा आठ ठिपके लांब व आठ ठिपके उंच. इंग्रजी अक्षर एका तुकड्यांत मावतें. आपल्या अक्षराला वर शिरोरेघा, तिच्यावर वेलांटी, मात्रा किंवा अनुस्वार, खालीं उकार, आणि मध्यें जोडाक्षराची गर्दी. एका अक्षराला असे चार तुकडे द्यावे म्हटलें, तर पार्श्वभागासाठीं मिळणाऱ्या २५६ तुकड्यांत ६४ अक्षरें झालीं कीं जागा संपली; एक झाड, एक भिंत काढावयासहि उरली नाहीं. सबंध बाराखडी तर दूरच. तेव्हां मात्रा निराळ्या पाडाव्या, कीं वाक्येंच अशीं लिहावीं कीं थोड्या अक्षरांत भागावें?

हा प्रश्न आपल्या वडिलांपुढेंहि होता. मुंबईंतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांनीं देवनागरी खिळे पाडण्याचे परिश्रम केले. त्याच छापखान्यांत लहानपणीं नोकरीस लागलेले जावजी दादाजी यांनीं पुढें निर्णयसागर छापखाना १८६९ सालीं काढिला, आणि त्यांच्या सुबक अक्षरांची कीर्ति देशभर झाली. खिळे घासणाऱ्या पोराच्या हातून हें घडलें. त्या परंपरेंतील मुलांनीं आठ ठिपक्यांच्या चौकटींत 'क्ष' किंवा 'र्‍य' बसविण्याचा प्रयत्न केला, तर तो खेळ आहे असें म्हणून हिणवूं नये.

आतां व्यवहाराकडे वळूं. असा स्टुडिओ चालविण्यास पांच मुलें पुरेत: एकानें यंत्राच्या भाषेंत आज्ञा लिहाव्या, एकानें चित्रें काढावीं, एकानें सूर बसवावे, एकानें प्रत्येक आवृत्ति खेळून दोष टिपावे, आणि एकानें हिशेबाची व तारखांची वही ठेवावी. हा पांचवा मुलगा सर्वांत महत्त्वाचा. कारण असे उद्योग बुद्धीच्या अभावीं बुडत नाहींत, तर 'आणखी एक राक्षस घालूं, आणखी एक मजला घालूं' या हांवेनें बुडतात. वर्षाच्या आरंभीं कागदावर ठरवावें तेवढेंच करावें, आणि परीक्षेच्या दोन महिने आधीं काम बंद ठेवावें. प्रथम कांहींहि विकत घेऊं नये. शाळेच्या संगणकावर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारीं साधनें फुकट चालवितां येतात. खेळ पुरा झाला म्हणजे मग खऱ्या डब्याचा शोध करावा. विषयाकरितां दूर जाण्याची गरज नाहीं. उसांत शिरलेला बिबट्या व पहाटे शेताला पाणी द्यावयास निघालेला शेतकरी, हा शिरूरच्या मुलांना ठाऊक असलेला खेळ जपानांत कोणास सुचणार?

यांतून पोट भरेल काय, असें पालक विचारतील, व तो प्रश्न रास्त आहे. आमचें उत्तर स्पष्ट आहे: या धंद्यावर विसंबून शाळा सोडूं नये. मोठ्या यंत्रांचे खेळ करणाऱ्यांचीहि वाट सोपी नाहीं. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळीनें प्राचीन भारतावरील 'राजी' हा खेळ रचावयास घेतला. २०१७ सालीं त्यांनीं लोकांकडून वर्गणी मागितली, ती पुरी जमली नाहीं. तरी त्यांनीं हातचें काम सोडिलें नाहीं, आणि २०२० सालीं तो खेळ जगापुढें आला. यांतून घ्यावयाचा धडा पैशाचा नाहीं, चिकाटीचा आहे. जुन्या यंत्राचे गिऱ्हाईक तर त्याहूनहि थोडे. जें मिळेल तें तारा व कॅसेटी यांच्या खर्चांतच जाईल.

एक ताकीद मात्र देणें अवश्य आहे. दुसऱ्याचा खेळ घेऊन, नांव बदलून, आपला म्हणून कोणीं विकूं नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें संगणकाचा कार्यक्रमहि ग्रंथासारखाच कर्त्याचा हक्क मानिला जातो. पण कायदा नसता, तरीहि आम्ही हेंच सांगितलें असतें. हजारों खेळांचा आंकडा मिरविणाऱ्या त्या खोट्या कॅसेटींनीं आपल्या पिढीला फसविलें. पुढच्या पिढीनें एकच खेळ करावा, पण तो खरा करावा.

आपल्या तालुक्यालाच हा विचार नवा नाहीं. शिरूर तालुक्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कालबाग यांनीं १९८३ सालीं, म्हणजे हें यंत्र निघालें त्याच वर्षीं, विज्ञान आश्रम स्थापिला. मोठ्या कंपनींतील संशोधकाचें पद सोडून ते या कोरडवाहू गांवीं आले. शाळेंत न रमणारा मुलगा मंद नसतो, त्याच्या हाताला काम मिळालें नसतें, हें त्यांनीं ओळखिलें, व हातानें करीत शिकावें हा मार्ग घातला. २००२ सालीं अमेरिकेंतील एम.आय.टी. या विद्यापीठाच्या सहकार्यानें तेथें 'फॅब लॅब' नांवाची कार्यशाळा उभी राहिली. अमेरिकेबाहेरील अशा अगदीं पहिल्या कार्यशाळांत तिची गणना होते. पाबळास जें घडलें तें शिरूर-दौंडच्या शाळांत अशक्य कां मानावें?

रांजणगांवच्या कारखान्यांत आपल्या भागांतील हात दुसऱ्यांनीं योजिलेल्या वस्तु जोडितात. तें काम प्रामाणिक आहे व त्यावर पुष्कळ घरें उभीं आहेत. त्यास आम्ही कमी लेखीत नाहीं. पण योजना करणारें डोकेंहि येथलेंच असावें, अशी इच्छा धरणें पाप नाहीं. धन्यानें दिलेला रुपया ज्या दासानें जमिनींत पुरला, त्याची गोष्ट आपल्या शाळेंतील प्रत्येक मुलानें ऐकिली आहे. तेव्हां पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलगा पडद्यापुढें बसलेला दिसला, तर ओरडण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा: "बाळ, हा खेळ कोणीं केला?" आणि विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें कीं, पुढील वार्षिक अंक निघेल तेव्हां त्या प्रश्नाचें उत्तर "आम्हीं" असें देतां येईल, अशी तयारी आजपासून करा.