आरोग्यविचार : वारीची वाट आणि टांचेचें दुखणें

ज्येष्ठ वद्य अष्टमीस श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी आळंदीहून निघते आणि सुमारें २५० किलोमीटरांची वाट चालून आषाढी एकादशीच्या सुमारास पंढरीस पोंचते. या वाटेनें दरवर्षीं जाणाऱ्या वडील मंडळींची एक तक्रार आमच्या कानीं वारंवार येते. वाटेंत टांच दुखूं लागते, घरीं परतल्यावर विश्रांतीनें बरी होते, आणि पुढील वर्षीं बहुधा त्याच मजलेवर पुनः डोकें वर काढते. मग घरांत दोन पक्ष पडतात. मुलें व सुना म्हणतात, 'आतां पुरे झालें'. आणि ज्यांची वारी, ते आजोबा वा आजी मुकाट्यानें लेप लावीत बसतात. आमचें म्हणणें असें कीं, केवळ विश्रांतीनें शमलेलें हें दुखणें खऱ्या अर्थानें बरें झालेलेंच नसतें. वारी सोडण्याचा निर्णय होण्यापूर्वीं एवढा विचार अवश्य व्हावा.

सकाळीं अंथरुणांतून उठून पहिलें पाऊल टाकतांच टांचेखालीं सुरी टोंचल्यासारखी कळ येते, थोडें चालल्यावर ती ओसरते, आणि बराच वेळ बसून उठलें कीं पुनः हजर होते, ही या दुखण्याची ओळख. डॉक्टर त्यास 'प्लँटर फॅसाइटिस' म्हणतात. टांचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक चिवट पट्टा जातो व पायाची कमान तोलून धरतो. नांवावरून येथें दाह असावा असें वाटतें. परंतु दुखणें जुनें झालें म्हणजे दाहापेक्षां त्या पट्ट्याच्या तंतूंची झीजच अधिक आढळते. क्ष-किरणांच्या चित्रांत 'हाड वाढलेलें' दिसलें कीं सारें घर घाबरतें. पण तसें हाड ज्यांची टांच कधींच दुखली नाहीं अशांच्या पायांतही सांपडतें.

झिजलेला पट्टा निजून राहिल्यानें बळकट कसा व्हावा? कळ थांबते एवढेंच. त्यांतून या वाटेची घडणच अशी कीं, पुण्यास दोन मुक्काम झाल्यावर लगेच सासवडची सर्वांत लांब मजल, आणि तींतच दिवेघाटाचा चढ. चढावर पोटरी ताणते, ती टांचेस मागून ओढते, आणि तळव्याचा पट्टा ताठ होतो. पुढील मजला त्यामानानें सोप्या. पण दुखावलेली टांच तोंपर्यंत कुरकुरूं लागलेली असते.

उपाय आषाढांत नव्हे, चैत्रांत सुरू करावयाचा. डेन्मार्कमध्यें ४८ रुग्णांवर केलेला एक प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत पायरीच्या कडेवर एका पायावर उभें राहून, बोटांखालीं टॉवेलची सुरळी ठेवून, टांच तीन सेकंदांत वर उचलावयाची, दोन सेकंद धरावयाची व तीन सेकंदांत खालीं आणावयाची, असा व्यायाम एक दिवसाआड दिला होता. आरंभीं बारा-बारांचे तीन फेरे. पुढें पाठीवर पुस्तकांची पिशवी घेऊन वजन वाढवावयाचें व संख्या कमी करावयाची. नुसता ताण देणाऱ्यांपेक्षां या मंडळींस तीन महिन्यांनीं स्पष्टपणें अधिक आराम होता. वर्षअखेर दोन्ही गट जवळजवळ सारखेच झाले, हेंही सांगितलें पाहिजे; परंतु वारकऱ्यास तिसरा महिनाच मोलाचा, आणि अधिक मास नसेल तर पाडव्यापासून प्रस्थानापर्यंत जवळजवळ बारा आठवडे मिळतात. वृद्धांनीं कठड्याचा आधार घ्यावा व आरंभीं दोन्ही पायांवर करावें. पिशवीसाठीं पुस्तकांची उणीव आमच्या वाचकांच्या घरीं पडूं नये!

याखेरीज सकाळीं पाऊल जमिनीस लागण्यापूर्वींच, अंथरुणावर बसून, पायाची बोटें हातानें नडगीकडे ओढावीं व दहापर्यंत मोजावें. असें दहा वेळां.

पादत्राणांचा प्रश्न आमच्या घरांत जरा नाजूक आहे. सोवळ्याओवळ्याच्या समजुतीनें घरांत कांहीं घालावयाचें नाहीं, आणि खालीं कठीण फरशी. स्वयंपाकघरांत तासन्‌तास उभें राहणाऱ्या स्त्रियांची टांच त्यामुळेंच चिडते. उंबऱ्याबाहेर कधींही न नेलेली मऊ सपाता घरांत वापरण्यास कोणत्या शास्त्राची आडकाठी असावी, हें आम्हांस समजत नाहीं. वारीस अनवाणी जाण्याचा नेम असेल, तर दुखऱ्या टांचेच्या वर्षीं तो बाजूस ठेवावा असें आमचें स्पष्ट मत आहे. मात्र प्रस्थानाच्या आदल्या दिवशीं नवा जोड विकत घेऊं नये. पायास सरावलेलाच न्यावा.

मधुमेहानें पाय बधिर झालेल्यांनीं अनवाणी चालूं नये व शेकही घेऊं नये. भाजलेलें त्यांस कळत नाहीं. दोन्ही बाजूंनीं टांच दाबतां कळ आली, किंवा रात्रीं पडल्या जागींही ठणका राहिला, तर तें दुखणें निराळें असूं शकतें. हाडास चीर गेली नाहीं ना, हें डॉक्टरांकडून पाहून घ्यावें. निघण्याच्या तोंडावर टांचेंत स्टेरॉइडचें इंजेक्शन घेऊन चालण्याचा मोह टाळावा. कळ कांहीं दिवस दबते, पण पट्टा तुटण्याची भीति राहते.

वाटेंत रोज सकाळच्या पहिल्या पावलाची कळ ध्यानांत ठेवावी. ती आदल्या दिवसाइतकीच वा कमी असेल तर खुशाल चालावें. वाढलेली असेल तर त्या दिवसाची मजल दिंडीच्या सामानाच्या गाडींत बसून काढावी, आणि कमी झाल्यावर पुनः टाळ घेऊन रांगेंत यावें.