सत्तावन्नच कसं काय येतं?

मंडळी, आज थोडं रसायनशास्त्र. हसू नका! मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून, आणि जन्मभर मराठी नि इतिहास शिकवला, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पण आजची गोष्ट कळायला गुणाकार-भागाकार पुरतो, आणि तेवढा मला येतो.

बारावीच्या प्रात्यक्षिकांत एक प्रयोग असतो. 1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल 50 मिली घ्यायचं, 1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड 50 मिली घ्यायचं. दोन्हींचं तापमान सारखं आहे ना ते बघायचं. मग एकत्र ओतायचं, ढवळायचं आणि तापमापीचा पारा कुठवर चढतो ते टिपायचं. आम्ल आणि अल्कली एकमेकांना उदासीन करतात, मीठ आणि पाणी तयार होतं आणि उष्णता बाहेर पडते. किती पडली? द्रावणाचं वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्मा गुणिले तापमानातली वाढ. द्रावण पाण्यासारखंच धरायचं, म्हणजे 100 ग्रॅम आणि 4.18. पारा साडेसहा अंश चढला तर 100 × 4.18 × 6.5 = 2717 ज्यूल. ही झाली 0.05 मोलची. 1 मोलला 54.3 किलोज्यूल. पुस्तकात आकडा असतो 57.1.

आता गंमत बघा. माझा नातू बारावीला होता तेव्हा त्याच्या आणि त्याच्या चार मित्रांच्या प्रयोगवह्या माझ्या टेबलावर पडल्या होत्या. वह्या चाळायची खोड जाते कुठे? पाचही वह्यांत उत्तर 57.1. आणि तापमानातली वाढ 6.83 अंश! शाळेची तापमापी एकेका अंशाच्या रेघांची. डोळे बारीक करून फार तर अर्धा अंश वाचता येतो. म्हणजे वाढ 6 येईल, साडेसहा येईल किंवा 7 येईल. 6 ला उत्तर 50.2, साडेसहाला 54.3 आणि 7 ला 58.5. त्या तापमापीवर 57.1 हे उत्तर येऊच शकत नाही. ते फक्त पुस्तकातून उलटं गणित करूनच येतं.

नातवाला विचारलं, तर तो म्हणाला, "आज्जी, माझं 50 आलं होतं. सरांनी सांगितलं, ते खोडून बरोबर लिही." त्याची चूक म्हणाल तर शून्य. खरं मोजणाऱ्या मुलाला खोडरबर हातात दिला, राग येतो तो याचा. त्या सरांवरही माझा फारसा रोख नाही हो. एवढाल्या तुकड्या, दोन तासिका, वर परीक्षक 57 नसेल तर गुण कापणार ही धास्ती. मी अशाच शाळांत आयुष्य काढलंय. पण धास्ती खरी असली म्हणून 6.83 खरं होत नाही.

मला विचाराल तर त्या वहीतला सगळ्यांत मोलाचा आकडा 50.2 हाच होता. कारण लगेच प्रश्न पडतो, उरलेले 7 किलोज्यूल गेले कुठे? आणि त्याचं उत्तर सापडतं! प्रयोग केला होता काचेच्या चंचुपात्रात. शंभर ग्रॅमचं चंचुपात्र एक अंश तापायला साधारण 84 ज्यूल खातं, पाणी 418. ते पात्र सगळंच्या सगळं द्रावणाइतकं तापलं, तर पारा 6.83 ऐवजी जेमतेम 5.7 चढेल. थोडं कमी तापलं की आले 6. शिवाय वरून वाफ, बाजूने हवा. म्हणजे पोराचा आकडा चुकीचा नव्हताच, हिशोबात काच धरायची राहिली होती. हे त्याच्याकडून काढून घेतलं असतं तर उष्णता नाहीशी होत नाही, कुठेतरी जाते, हे तो मरेपर्यंत विसरला नसता.

अजून एक प्रश्न मी सगळ्या पोरांना घालते. दोन्ही द्रावणं दुप्पट घेतली तर पारा दुप्पट चढेल का? दहापैकी आठ जण 'हो' म्हणतात. नाही चढत! उष्णता दुप्पट निघते, पण तापवायचं पाणीही दुप्पट असतं. पारा तिथंच. ज्याने खरंच ओतून पाहिलंय तो इथे फसत नाही.

इतिहासाची बाई आहे, तेव्हा थोडा इतिहास सोसा. जर्मेन हेस नावाचा माणूस 1802 साली जिनिव्हात जन्मला, रशियात वाढला. शिक्षण वैद्यकीचं, काही काळ सैबेरियातल्या इर्कुत्स्कला डॉक्टरकी केली, मग पीटर्सबर्गला रसायनशास्त्र शिकवलं आणि रशियन भाषेत त्याचं पाठ्यपुस्तकही लिहिलं. (हे मला फार आवडलं!) तो गंधकाम्ल कधी कमी, कधी जास्त पाणी घालून पातळ करी आणि मग अमोनियाने उदासीन करी. पाणी मिसळताना निघालेली आणि उदासिनीकरणात निघालेली उष्णता यांची बेरीज दर वेळी जवळजवळ तीच येई. वाट कुठलीही घ्या, एकूण उष्णता तेवढीच, हा नियम त्याने 1840 मध्ये मांडला. त्याच्यासमोर पुस्तकातला आकडा नव्हता, पुस्तकच तो लिहीत होता. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली कुठलेही घेतले तरी आकडा सारखाच का, हे तर 1880 च्या दशकात अऱ्हेनिअसच्या आयनांच्या कल्पनेनंतर कळलं. खरी घडामोड एकच, हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांचं पाणी होणं. व्हिनेगरमधलं आम्ल सौम्य, त्यात आकडा थोडा कमी भरतो. मापं प्रामाणिक नसती तर हा 'थोडा कमी' कुणाच्या लक्षात आला असता?

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की गुण उत्तराला देऊ नका, नोंदींच्या तक्त्याला द्या आणि 'फरक का आला' या दोन ओळींना द्या. महाग काही लागत नाही. थर्मोकोलच्या पेल्यांवर आपल्याकडे 2018 पासून बंदी आहे, पण दोन कागदी पेले एकात एक, मध्ये कापूस, वर पुठ्ठ्याचं झाकण आणि भोकातून तापमापी, एवढ्यावर काम भागतं. स्टीलचा पेला नको, आम्ल त्याला खातं. डोळ्यांना चष्मा हवाच, सोडियम हायड्रॉक्साइड डोळ्यात गेलं तर खेळ नाही. दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहून आलेख काढला, आणि उतरती रेघ मागे ओतण्याच्या क्षणापर्यंत वाढवली, तर हवेत गेलेल्या उष्णतेचाही बराचसा हिशोब लागतो.

यंदा नात्यातली तीन मुलं बारावीला आहेत. प्रयोग झाला की मला फोन करून आपला आकडा सांगा रे. 48 आला तरी चालेल, 61 आला तरी चालेल. 6.83 अंश म्हणालात तर मात्र तापमापी घेऊन घरी बोलवीन.